दोरी का भुतानं ओढली?

सौ. चंदाताई विहीणबाई यांना ज्योत्स्नाचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वारलूभाऊंची साखर उतरली, की मूल गावच्या बाजारात चोरून जिलबी खाणं सुरूच आहे? आम्ही सगळे ठीक. या पत्रात अक्षर मधूनमधून उडी मारेल, तिकडे दुर्लक्ष करा. जन्मभर पोरांची अक्षरं सुधारली, आता माझं बिघडलं तरी हरकत नाही.

तुमचा निरोप वारलूभाऊंनी पोचवला. दिव्यानीची नेमणूक गडचिरोलीच्या पार पलीकडे, जंगलातल्या शाळेवर झाली, पदरात तान्ही पोर. तेव्हा मी तिला समजावून राजीनामा द्यायला लावावा, कारण मी सगळं एकटीनं निभावलं आणि तुमच्या लेकीत तेवढा दम नाही. आमचे चिरंजीव पियुषही तिला रोज हेच ऐकवत होते, की आईनं कोणाची मदत घेतली नाही, तुला जमत नसेल तर सोड. दिव्यानी बिचारी नुसती पोळ्या लाटायची, आणि त्या पोळ्या दिवसेंदिवस कडक होत चालल्या होत्या.

म्हणून माझ्या निरोप समारंभाची हकीकत नीट सांगते. (तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत आणि वारलूभाऊ फक्त जेवणाच्या वेळी मांडवात दिसले.) समारंभ माझ्या पहिल्या शाळेत होता. आधी आमचे हे उठले. म्हणाले, "मी त्यांना नोकरी करू दिली." (करू दिली! जशी काही मी सर्कशीत जाते म्हणत होते.) टाळ्या पडल्या, शाल त्यांनाही मिळाली. हे तेव्हा बल्लारपूरला कामाला. दर रविवारी माझ्याकडे यायचे ते आठवड्याचे मळके कपडे घेऊन. संसाराला हातभार म्हणून साबण तेवढा स्वतः आणायचे. त्या काळी आम्हा मास्तरणींचं लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि बाळंतपण दिवाळीच्या सुट्टीत बसलं, की हेडमास्तर खूश. पियुष नेमका वार्षिक परीक्षेत जन्मला. वेळ चुकवण्याच्या बाबतीत तो बापावर गेला.

रजा संपल्यावर त्याला ठेवणार कुठं? सासूबाई म्हणाल्या, नोकरी तुझी, पोरगाही तूच सांभाळ. मग वर्गातच आढ्याला लुगड्याची झोळी बांधली. मी फळ्यावर, चौथीच्या पोरी आळीपाळीनं दोरीवर, आणि सगळा वर्ग मोठ्यानं पाढे म्हणतो आहे, असा आमचा संसार चालला.

तर समारंभात पियुष माइक धरून सांगू लागला, "माझ्या आईनं कधीच कोणाची मदत घेतली नाही." तेवढ्यात मांडवाच्या कडेची बायनाबाई उठली. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः आजी झाली आहे. म्हणाली, "काऊन रे पियुष, मंग तुही दोरी का भुतानं ओढली? तुले झोपवता झोपवता आमचे पाढे तेरावरच राह्यले. तेराचा पाढा आला का तू झोपे, अन् बाई म्हने, चूप बसा आता, पोरगा उठंल. आमच्या वर्गाले चौदाचा पाढा अजून येत नाई!"

मांडव हसला. मलाही हसू आलं, पण लाजही वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मग माझ्या सन्मानार्थ सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी एका सुरात पाढे धरले. दहा झाला, अकरा झाला. बाराला पियुषची मान डुलू लागली आणि तेराच्या निम्म्यावर तो व्यासपीठावरच्या खुर्चीत घोरायला लागला! माइक हातातच होता, त्यामुळे घोरणं पार बसथांब्यापर्यंत गेलं. दिव्यानी तोंडात पदर कोंबून हसत होती. कित्येक आठवड्यांनी हसली पोर, मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर जे समजवायचं ते मी समजावलं आहे. तुम्ही निश्चिंत असा. वारलूभाऊंना नमस्कार आणि जिलबी बंद.

तुमची विहीण,
ज्योत्स्ना

ता. क. : समजावलं ते पियुषला. दिव्यानी सोमवारीच शाळेवर रुजू झाली. हे पत्र मी तिच्या वर्गाबाहेर ओसरीवर बसून लिहिते आहे. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली आहे, म्हणून अक्षर उडतं. पोरींच्या हाती दोरी द्यायची नाही, असं मी ठरवूनच आले. बल्लारपूरला हे आणि पियुष सध्या एकमेकांना स्वयंपाक करू देत आहेत.

आणखी एक : मी दिवाळीपर्यंत आहे, पुढे पाळी तुमची. गुडघा दुखतो हे मान्य, पण दोरीला फक्त अंगठा लागतो. येताना जुनं सुती लुगडं आणा, माझी सगळी पियुषनं फाडली.

आणि शेवटचं : नात बापावर गेलेली नाही. तेराचा पाढा संपला तरी डोळे टक्क उघडे. तिला झोपवायच्या नादात वर्ग काल एकोणतीसपर्यंत पोचला.