आत्याबाई, तुमचा आसामचा टरक घरी आणला

आत्याबाईस्नी,

तुमच्या गजराचा पाया पडून नमस्कार. पाय चेपायचं आता जमत न्हाय, तेवढं समजून घ्या.

तुमाला वाचता येत न्हाय, मला म्हाईत हाय. पण तितं तुमचा ल्योक हाय की! त्याच्याकडनं वाचून घ्या. जोडाक्षर आलं की खोकल्याचं सोंग करंल, पण वाचंल. आन मधनंच हसाय लागला तर एक टपली मारा, माज्याकडनं.

आज पत्र लिवायचं कारण? भागूबाईंचा निरोप हाय. त्याच वो, वरच्या वस्तीवरच्या. तुमी दोगी तंबाकू वाटून खायचा आन सुनांची गाऱ्हाणी सांगायचा, त्या. काल त्यांनी ह्यो कोरा कागद माज्या हातात कोंबला. म्हणल्या, "लिव तुज्या सासूला. भागू लई चिडली हुती म्हणावं. वर आले की बगून घेते म्हणावं."

तर ऐका. तुमचं खोटं उघडं पडलं. कुणी पाडलं? मीच पाडलं. आता डोळं वटारू नगा, आदी सगळं ऐकून घ्या.

तुमी गाडीत ऱ्हायला आलात त्यो दिस आठवतो का? दुष्काळ नुकताच सरला हुता. तुमचा ल्योक पायात गंजका खिळा घुसून धनुर्वातानं गेला, त्येला चार वर्सं झालती. "येळंवर एक सुई टोचली असती तर..." असं डॉक्टर म्हणाला, आन ते तुमी पदराला गाठ मारून ठिवलं. भावकी बोंबलली तरी माजा सातवीचा दाखला हुडकून मला नर्सिंगला धाडणाऱ्या तुमीच. पण नेमणूक झाली फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर, आन सून गाडीतच ऱ्हाती म्हणल्यावर तुमालाबी घोर लागला. सून चाकाच्या घरात, आन गाडी हाकाय परका बाप्या! आठ दिस बगून येते म्हणून आलात. एका काखंत बोचकं, दुसऱ्या काखंत कोंबडी.

आठ दिसाची दोन वर्सं केलीत की वो आत्याबाई!

काय त्यो संसार आपला! जुन्या बशीचा सांगाडा, मधी पडदा. अलीकडं औषदांची कपाटं, पलीकडं दोन बाकडी, तीच आपली बाजली. गाडी खड्ड्यात गेली की बाटल्या टाळ वाजवल्यावाणी वाजायच्या. भाकरीला इस्पिरिटचा वास आन इंजेक्शनाच्या डब्याला लसणाचा. डायवर रहीमचाचा टपावर झोपायचे, आन टपावरच तुमी सांडगं वाळत घालायचा. एकदा ते तसंच इसरून त्यांनी गाडी हाणली. जेऊरपातूर रस्ताभर सांडगं! मागनं येणारा सायकलवाला येचत येचत आला आन तुमालाच इकाय लागला. किती शिव्या घातल्यात त्याला! चाचा म्हणलं, "अम्मा, उसकी क्या गलती? आसमान से गिरे सो उसने उठाये."

आन डॉक्टर बेस्तरवारी जीपनं यायचे, तवा तुमी कोण म्हणून सांगायचं? तुमीच सांगितलंत, पेशंट! एका हप्त्याला गुडगा, दुसऱ्याला कंबर, तिसऱ्याला डोळं. शेवटी डॉक्टर म्हणलं, "आजी, आता कोणता अवयव राहिलाय?" तुमी म्हणलात, "जीभ. ती धडधाकट हाय."

व्हय, ती जीभ. त्या जिभंनंच सगळा घोटाळा केला.

वरच्या वस्तीवर आपण पयल्यांदा गेलो, तवा भागूबाईंनी माज्या तोंडाकडं टक लावून इचारलं, "नर्सबाई, कपाळ रिकामं कसं?" मी तोंड उगडलं, खरं सांगणारच हुते. तेवढ्यात पडद्याआडनं तुमचा आवाज आला. "सरकारचा कायदा हाय. डूटीवर कुंकू लावाय बंदी. पूड औषदात पडती, मग सुई उलटती."

"आन मालक?"

"टरक घिऊन आसामला गेलाय. माजाच ल्योक की त्यो!"

टरक! आत्याबाई, तुमच्या लेकाला सायकल धड येत न्हवती. आमच्या वरातीत सायकलीवरनं पडला हुता त्यो!

पण मी गप बसले. का बसले? कारण सोयीचं हुतं. बिनकुंकवाच्या बाईच्या हातात पयलं बाळ कोण देणार हुतं? पांढरं लुगडं नर्सचं, त्यात सगळं खपून गेलं. तुमच्या खोट्याच्या सावलीत मी दोन वर्सं बसले, आन खोटारडी म्हणून तुमालाच चिडवत ऱ्हायले. ह्ये माजं चुकलं. तुमचं न्हवं, माजं.

तुमी तर काय, त्यो टरक थांबूच देईनात! भागूबाई म्हणल्या, "आसामात चहा पिकतो म्हणत्यात. आणाय सांग की लेकाला." झालं. मोडनिंबच्या बाजारातनं पत्ती आणलीत, नव्या कागदात बांधलीत, आन चार वाड्यांवर आसामची म्हणून पाजलीत. बायका मिटक्या मारायच्या. "हितल्या चहाला ही चव न्हाय बया!" मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसायची. तुमच्या लेकासाठी बायका काय काय द्यायच्या! कुणी लोणचं, कुणी चटणी, कुणी मफलर. तिकडं थंडी लई असती म्हणून.

चैतात तुमी गेलात. चालत्या गाडीतच, दुपारच्या झोपंत. जलमभर "हळू हाण की मुडद्या" म्हणून चाचाच्या नावानं खडं फोडलंत, आन त्या दिशी त्यांनी बैलगाडीच्या चालीनं गाव गाठलं. "अम्मा को धक्का नै लगना," म्हणत हुते, आन डोळं पुसत हुते. तुमी जित्या असता तर म्हणला असता, आता कशी अक्कल आली?

मग तुमचं बोचकं सोडलं. लोणचं, चटणी तुमी खाल्लंत, ते ठीक. पण मफलर तसाच. एक अडकित्ता. एक नवा रुमाल, घडी न मोडलेली. सगळं त्याचं. एक वस्तू कुणाला दिली न्हाईत. तवा माजं हसू थांबलं. मला वाटायचं, खोटं तुमी माज्यासाठी बोलत हुता.

आता गेल्या हप्त्याचं सांगते.

तुमच्या बाकड्यावर नवी नर्स आली, सुमन. कुंभारी गावची पोरगी, लगीन हून चार म्हयनं झालेली. कपाळावर बंद्या रुपायायेवढं कुंकू. गाडी वरच्या वस्तीवर थांबली, सुमन पायरीवर आली, आन बायकांनी गिल्ला केला. "अगं ये, पूस त्ये! औषदात पडंल! सुई उलटंल!" पोरगी बावरली. मी आत सुया उकळत हुते. भाईर येईस्तवर भागूबाईंनी पदराचं टोक तांब्यात बुडवून तिचं कपाळ सोच्छ करून टाकलं हुतं! वर म्हणत्यात, "शिकल्या-सवरल्यास्नी कायदा कळू ने व्हय?"

सुमन मटकन खाली बसली. असली रडाय लागली, आत्याबाई! "माझं कुंकू पुसलं... माझं कुंकू पुसलं..."

आता काय करू? वाटलं, हिचीच समजूत काढावी, कायदा तसाच ठिवावा. कारण त्यात भागूबाईंच्या सुनंचं, कस्तुराचं, दिस भरलं हुतं. पयल्या खेपंला सुईणीच्या हातनं तिचं बाळ हाताला लागलं न्हवतं. औंदा नर्सबाईच पायजे म्हणून दोन म्हयनं माजी वाट बगत हुती. मी खरं सांगितलं आन त्यांनी मला दार बंद केलं तर? तर परत तीच सुईण, त्योच नाळ कापायचा इळा. पण सुमनचं त्ये वलं कपाळ बगवंना.

पायरीवर हुबी ऱ्हायले आन म्हणलं, "त्या पोरीचं काय चुकलं न्हाय. असा कायदा न्हाय."

"मग तुमचं कपाळ?" भागूबाई.

"त्ये रिकामंच हाय. सा वर्सं झाली."

"आन आसाम?"

"आसाम न्हाय, टरक न्हाय. मालकबी न्हाईत."

भागूबाईंनी पदराचं लाल टोक बगितलं. त्यांचंबी कपाळ आपल्यासारकंच की! म्हणल्या, "माज्या हातनं, गजरा? म्या बिनकुंकवाचीनं सवाशिणीचं कुंकू पुसलं? तुमी सासूसुनांनी माज्याकडनं करवून घेटलं?"

आन पाठ फिरवून गेल्या. मागनं अवघडलेली कस्तुरा आली. घरातनं करंडा आणला, सुमनला हळदकुंकू लावलं. आन तशीच परत गेली.

मग दोन दिस गाडीकडं चिटपाखरू न्हाय. चाचा म्हणलं, "बेटी, गाडी निकालूं क्या? अगले गांव चलतैं."

"न्हाय चाचा. हितंच."

"कब लग?"

"कळा येईपातूर."

तिसऱ्या दिशी उजाडता उजाडता दारावर थाप. भागूबाई! तोंड मिरचीवाणी लाल.

"चला."

सुमननं लगेच पेटी उचलली. "ह्या पोरीला येऊ दे मागनं," भागूबाई माज्याकडं बोट करून म्हणल्या, "म्होरं तुमी."

"मी? मी चालते व्हय?"

"मग काय आसामच्या टरकवाल्याला बोलवू?"

असलं हसू आलं, आन असलं रडू! त्या म्हणल्या, "दात काडू नगा. राग गेल्याला न्हाय माजा. पण कळा काय माजा राग जायाची वाट बगत न्हाईत. आन कस्तुरा म्हणती, गजराबाईच पायजे."

सोपं न्हवतं, आत्याबाई. नाळंचा येढा गळ्यात हुता. माजं हात चालत हुतं, पण जीव तुमच्याकडं हुता. तुमी असता तर उंबऱ्यात बसून कस्तुराला हसवलं असतंत. मग मीच तिला सांडग्याची गोष्ट सांगितली. ती कळा देत देत हसली, आन त्या हसण्यातच बाळाचं डोस्कं आलं. सुमननं येढा सोडवला. हात लई गुणी हाय पोरीचा. आन पोरगी झाली! असली रडली की टपावर चाचा जागं झालं.

भागूबाई कुटं? दाराभाईर, भितीकडं तोंड करून बसलेल्या. हाक मारली तर म्हणत्यात, "मी न्हाय. माजी सावली नगं तिच्यावर."

मी म्हणलं, "माजी पडलीच की सगळी! आता तुमचीच तेवढी काय जड झाली? या आत."

आल्या. मी पोरगी त्यांच्या हातावर ठिवली. पोरीनं लगीच आजीच्या लुगड्यावर मुतून घेटलं. भागूबाई हसल्या, आन मग माज्या कानाला लागल्या.

"त्यो चहा मोडनिंबचा हुता न्हवं?"

"व्हय."

"वाटलंच. पत्तीपरास काड्याच जास्त."

"मग तवाच का बोलला न्हाईत?"

"पुडी देताना तुज्या सासूचं तोंड कसं व्हायचं, तू बगितलंस का कवा? लेकाचं पत्र आल्यावाणी. मग म्या कशाला इचारू?"

आत्याबाई, मी दोन वर्सं तुमच्याशेजारी झोपले. एका ताटात जेवले. आन मी नुसती हसत हुते. भागूबाईंनी बगितलं, मी बगितलं न्हाय. ह्येचा मातर राग धरू नगा.

काल पोरीची पाचवी झाली. सटवाईनं नशीब लिवावं म्हणून कोरा कागद ठेवत्यात, तुमाला म्हाईतच हाय. भागूबाईंनी दोन आणलं. एक सटवाईला, एक तुमाला. त्योच ह्यो.

आता माजा शबूद घ्या. ज्या ज्या वाडीवर तुमचा टरक पोचला, त्या त्या वाडीवर मी आपल्या तोंडानं सांगणार. ज्यांना चालंल त्यांच्या घरात जाईन, चालणार न्हाय त्यांच्या दाराशी सुमनला म्होरं करून बसीन. मफलर चाचाला दिला, टपावर थंडी लई असती. अडकित्ता भागूबाईंना. रुमाल मीच ठिवलाय, आन त्याची घडीबी मोडली, ह्ये पत्र लिवता लिवता.

आन येत्या बाजाराला मोडनिंबास्नं पत्ती आणणार. पाव शेर, काड्यांसकट. चारी वाड्यांवर चुलीम्होरं बसून उकळणार, आन कुणी इचारलं तर सांगणार, मोडनिंबचीच हाय, माजी सासू हीच पाजायची.

तुमच्याच चाकाच्या घरातली,
गजरा