कालव्यातली शपथ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, वाकायला डॉक्टरांनी सहा आठवडे मनाई केली आहे). तू आणि वहिनी धडधाकट असाल अशी आशा आहे. माझ्या तीन बरगड्या तशा नाहीत. त्याचाच हा वृत्तांत.

तू सुरू केलेलं स्काउटचं रोव्हर पथक (वय अठरा ते पंचवीस, म्हणजे अक्कल यायच्या आणि लग्न ठरायच्या मधला काळ) आता सात जणांवर आलं आहे, त्यात चार मुली. गेल्या महिन्यात त्यांनी मला सभेला बोलावलं. मी प्रमुख असून मलाच बोलावणं आलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी आहे, तिने वहीतून वाचून दाखवलं : गळाभर पाण्यात उभं राहून शपथ घ्यायची पद्धत बंद. त्याऐवजी नव्या सदस्याने महिनाभर एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचं, पडेल ते काम करायचं आणि मग कोरड्या कपड्यांत शपथ घ्यायची. मी म्हटलं, चौतीस वर्षं चाललेली गोष्ट आहे, आजवर कोणी तक्रार केली का? तर तिथेच सुरुवात झाली. त्या सातही जणांना मीच पाण्यात उतरवलं होतं आणि एकालाही ते आवडलं नव्हतं. एकाला पोहता येत नव्हतं, पण सांगायची लाज वाटली. एकीला न्यूमोनिया झाला होता आणि तिने मला आत्याकडे गेले होते म्हणून सांगितलं होतं (मी त्या आत्याची दोनदा चौकशीही केली होती).

मी चिडलो. चिडलो की मला अक्कल उरत नाही हे तू जाणतोसच. सत्तावन्नाव्या वर्षी श्वासही उरत नाही, ही नवी माहिती. रविवारी सकाळी सहाला सगळ्यांना कालव्यावर बोलावलं, पाण्याला भिण्यासारखं काय आहे ते दाखवतो म्हणून. गणवेशात, शिट्टीसकट उतरलो. उतरण्याआधी नेहमीसारखा एक मिनिट शांत उभा राहिलो. शपथेचं पहिलं वाक्य झकास झालं. दुसऱ्याला पाय शेवाळावरून सटकला आणि मी थेट कालव्याच्या पाणी अडवायच्या लोखंडी दरवाज्यावर जाऊन आदळलो. तिसरं वाक्य पाण्याखाली म्हटलं. ते धरायचं की नाही यावर पथकात अजून एकमत नाही. मला बाहेर काढलं त्या औषधवालीने, कमरेला दोरी बांधून.

घरी माझं कोणी नाही, तेव्हा दवाखान्यात सातही जण पाळीपाळीने बसतात. (म्हणजे नवी पद्धत त्यांनी माझ्यावरच सुरू केली. एकटा म्हातारा तो मी.) परवा औषधवालीची पाळी होती. माझी उशी सारखी करता करता तिने विचारलं, "काका, उतरण्याआधीचं ते एक मिनिट कोणासाठी असतं?"

निसर्गासाठी, असं मी दरवर्षी सांगत आलो. या वेळी ठसका लागला. बरगड्या दुखायला लागल्या की खोटं बोलवत नाही. मी तिला बुटक्याचं सांगितलं. पहिल्या तुकडीत तो होता, मला पोहता येत नाही असं त्याने सांगितलं होतं. रोव्हरला भीती शोभत नाही, असं तू म्हणालास आणि मी हसलो. तो वाहून गेला, आणि तो एकटाच हातपाय धुवायला गेला होता असं आपण त्याच्या आईला सांगितलं. वर्षभरात तू बदली मागून घेतलीस. मी पद्धत चालू ठेवली. बंद केली असती तर कोणीतरी कारण विचारलं असतं.

ती उशी सोडून खुर्चीत बसली. मग म्हणाली, "त्याची आई आहे अजून?"

आहे. ऐंशीची आहे. एकटी राहते.

बाकी सर्व क्षेम. शपथ कोरडीच घ्यायची असा ठराव झाला. त्याला माझंही मत आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र प्रकृती कळवायला लिहिलेलं नाही. शनिवारी मला घरी सोडतील. रविवारी सकाळी मी बुटक्याच्या आईकडे जाणार आहे. तू ये.

पुन्हा ता. क. : तू आला नाहीस तरी मी सांगणार आहे. आणि सांगताना 'आम्ही' म्हणणार आहे.