एकच सुरी

३ डिसेंबर
मोहिनीने तिच्या संशोधनासाठी गंगापूर धरणावरून शिंपले आणले. ओट्यावर पातेलंभर. सगळे घट्ट मिटलेले.
ती सांगत होती, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात डीएनएचं एक लहानसं कडं असतं. ते फक्त आईकडून येतं. काही शिंपल्यांत मात्र मुलग्यांना बापाचंही मिळतं. "ही दोन कडी कुठे तुटून एकमेकांत सांधलीत का, तेवढंच शोधतेय, मावशी."
मावशी! ताई गेली आणि तिच्या नवऱ्याशी माझं लग्न लावलं, तेव्हा ताईची ही लेक दोन वर्षांची. हाक तीच राहिली. मला मूल नाही. हिच्यात माझं काय? काही नाही.

४ डिसेंबर
ती आंघोळीला गेली तेवढ्यात उरलेले शिंपले मीच उघडले. तिने दाखवले होते तसे तुकडे करून डब्यांत भरले. मऊ, राखाडी, थंड. खूश झाली.

१२ जानेवारी
दुपारी डोळा लागला. गोदावरी उथळ, कोमट. तळाशी दोन कडी लोळत होती, एकमेकांतून जात होती — आवाज न करता.
जागी झाले तर मोहिनी दारात. "सापडलं! एकाच कड्यात आईचंही, बापाचंही! मावशी, शिरा कर!"
रवा भाजताना वाटत राहिलं — म्हणजे कडं बंद नसतं. कडेकडेने आत शिरता येतं.

१९ जानेवारी
"दर शिंपल्याला सुरी जाळावर धरलीस ना?" मोहिनीने विचारलं.
नव्हती धरली. एकच सुरी, सगळ्यांना. एकाचा कण दुसऱ्यात गेला, तिने सांगितलं. यंत्राने डीएनएच्या प्रती काढताना दोघांच्या अर्ध्यामुर्ध्या प्रती जोडल्या असणार. सांधा खोटा!
"कांदे चिरत होतीस का गं?" शेवटी म्हणाली. मग खोलीचं दार लावून घेतलं.

२० जानेवारी
जेवली नाही.

२१ जानेवारी
चहा घेतला. माझ्याकडे न बघता.

२२ जानेवारी
सकाळी मोहिनी कापसाची काडी घेऊन ओट्याशी आली. हाताळताना आपलंही काही शिंपल्यांत मिसळलं का, ते तपासायचंय. काडी स्वतःच्या गालाच्या आतून फिरवली. मीही आ करून बसले. उघडले मीच होते ना!
ती हसली. किती दिवसांनी.
"तुझं कशाला, मावशी? आजीचं कडं आईला नि तुला. आईचं ते मला. आपलं एकच आहे."
काडी नळीत टाकून गेलीसुद्धा.
मी तशीच. तोंड उघडं.