खरडलेली काच

६ जाने. १९९८, मंगळवार

कोहरा. खिडकीतून गंगा नाही, पलीकडची रेती नाही, समोरची गच्चीसुद्धा नाही. वीणाने सकाळीच निगेटिव्हच्या काचांच्या पेट्या खाली काढल्या. माझी ही नात युनिव्हर्सिटीत चित्रकला शिकते, तिथे आता जुन्या निगेटिव्ह कॉम्प्युटरात घालायच्यात. म्हणाली, आजी, आजोबांच्या स्टुडिओतल्या पंचवीस बायका निवड. म्हटलं, आजोबांच्या कशाला, अर्ध्या माझ्या आहेत. मुली दाखवायचे फोटो पुरुषाकडून काढून घ्यायला लोक बिचकत, म्हणून कॅमेरा माझ्या हाती आला. शाळा तिसरीपर्यंत. कॅमेऱ्याचं त्यावाचून काही अडलं नाही.

वीणाने सुंदर तेवढ्या बाजूला काढल्या होत्या. मी परत पेटीत टाकल्या. सुंदर बाई कॅमेऱ्यापुढे नुसती बसते, तिला वाटतं झालं आपलं काम. चेहरा असा हवा की बसल्या बसल्या काहीतरी लपवतोय.

८ जाने.

पहाटे स्वप्न. सगळं निगेटिव्ह. आभाळ काळं, कावळे पांढरे. हे नावेत बसून चाललेले, धोतर काळं, मिश्या पांढऱ्या. मी काठावरून एकेकाला बरोबर ओळखत होते. चाळीस वर्षं काचा उजेडाला धरल्यावर दुसरं काय होणार. जाग आली तर बाहेर दुधासारखा कोहरा, क्षणभर कळेना सुलटी बाजू कुठली.

चोवीस निवडल्या. कुसुमवन्संची काच तळाशीच ठेवली.

कु. म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. त्या फोटोवर तिचं ग्वाल्हेरला लग्न ठरलं. अकराव्या दिवशी परत पाठवली. हनुवटीखाली सुपारीएवढं कोड होतं, फोटोत नव्हतं. तेव्हापासून इथेच, शेजारच्या खोलीत. भावाने फोटोत लबाडी केली म्हणून भावाशी बोलणं सोडलं, ते हे जाईपर्यंत. एकतीस वर्षं. एका पंगतीत बसून मला म्हणायची, "वहिनी, दादाला सांग मीठ सरकव."

निगेटिव्हवर सगळं उलटं. काळा डाग घालवायला पेन्सिल, पांढरा घालवायला ब्लेड. ब्लेड घरात मी धरायची, ह्यांचा हात कापे. हे म्हणाले होते, आहे तसा पाठव. दुपारी हे बाहेर गेल्यावर मी बसले आणि खरडला. घरात बायका दोन, चूल एक. मला ती जायला हवी होती.

हे शेवटपर्यंत बोलले नाहीत. मी पण नाही.

११ जाने., रवि.

रिक्षाने युनिव्हर्सिटीच्या फाटकापर्यंत. कोहऱ्यात रिक्षावाल्याची पाठ तेवढी दिसत होती, रस्ता नाहीच, आपण कुठे चाललोय की नुसतेच हलतोय. तिथे एका कॉम्प्युटरवाल्याकडे ते मशीन. झाकणात दिवा. काच ठेवली की उजेड सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, आरतीचं ताट फिरावं तसा. मग पडद्यावर काळी बाई येते आणि एक बटण दाबलं की गोरी. आम्हाला अंधारात तासभर लागायचा. पण अंधारात पाण्यातून चेहरा हळूहळू वर यायचा, तोवर आपण कोण होतो ते विसरायला व्हायचं. इथे चहा पिईपर्यंत चार बायका.

पंचविसावी काच कु.ची निघाली. कार्टीने तळातून उपसून आणली होती. पडद्यावर हनुवटी थाळीएवढी. खाली बारीक बारीक रेघा, गवतासारख्या. छापताना कधी दिसल्या नव्हत्या.

"आजी, ह्या कसल्या?"

काच खराब आहे म्हटलं. बेधडक.

१३ जाने.

वीणाने त्या पंचविसाव्या काचेचा छापलेला कागद घरी आणला, दाखवला थेट कु.ला. नको म्हणायला मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत दाखवून झाला होता. कु. जपाची माळ ठेवून भिंग घेऊन बसली. बराच वेळ. मला वाटलं फाडेल.

म्हणाली, "दादाचा हात किती बारीक चालायचा."

शिवी दिली असती तर चाललं असतं. एवढ्या वर्षांत भावाबद्दल पहिला बरा शब्द, तोही माझ्या कामाला.

भाजी करपली.

१६ जाने., शुक्र.

वीणाला फिल्मवर एक चेहरा काढून द्यायचाय, पाठीमागे घाट. मॉडेल म्हणून हॉस्टेलची मुलगी आणणार होती, बदामी डोळ्यांची. मी म्हटलं, कु.ला घे. कोड पसरत पसरत आता अंगभर झालंय, कुठे एक डाग शोधून सापडणार नाही. दर्शनाला आलेल्या बायका विचारतात, माताजी कश्मीर की हैं क्या. कु. सांगते, हाँ.

कु.ला विचारलं तर म्हणे वीणा नको, वहिनीने काढला तर बसेन.

आठ वाजता पंचगंगा घाट. दहा पायऱ्यांखाली काही नाही. नावाड्याचा खोकला येतो, नाव दिसत नाही. पांढरी बाई, पांढरं लुगडं, पांढरा कोहरा. अशात उजेड मोजायचं मीटर खोटं बोलतं, सगळ्याला राखाडी समजतं. मी भिंगाचं तोंड दीड घर जास्त उघडलं. ह्यांचा दोन डोळ्यांचा कॅमेरा, त्यात वरून खाली वाकून बघायचं असतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. काचेत कु. उलटी, डावी उजवीकडे, धुरात बसल्यासारखी, आत्ता विरून जाईल अशी. अकरा फोटो काढले. मग काचेत बघतच बोलले.

"वन्सं, तो डाग मी खरडला. ह्यांनी नाही."

वर मशिदीवरून कबुतरं उडाली.

"मग दादा बोलला का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे बोलायला नको होतं. पण खरं आहे. बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं. बारावा.

वर बघितलं तर पायरी रिकामी. गुडघे धरून चढत गेली असणार, एकटी. मी नंतर…

२० जाने.

ह्यांची तिथी. दरवर्षी ह्या दिवशी कु. उकडलेला बटाटा घेऊन खोलीत बसते, भावाच्या श्राद्धाचं खात नाही. मी बटाटा लावला होता. गुरुजी जेवून गेले नि ही येऊन पाटावर बसली. मी खिरीचं भांडं उचललं.

"वीणा, तू वाढ. वहिनीच्या हातचं नको."

वीणा माझ्याकडे बघते, तिच्याकडे बघते. वाढलं. कु. सगळं जेवली, वडा मागून घेतला. पानाला नमस्कार केला. बटाटा मी खाल्ला.

२२ जाने.

सहा दिवस झाले, माझ्याशी अवाक्षर नाही. काल सकाळी म्हणाली, "वीणा, वहिनीला विचार, फिल्म धुतली का." मी तिथेच तांदूळ निवडत होते. वीणा म्हणते, मला टपाल समजलात काय तुम्ही दोघी.

नाही धुतली. गार पाण्यात ती धड धुतली जात नाही, वीस डिग्रीचं पाणी लागतं, आणि नळाला सध्या बर्फ येतो, असं वीणाला सांगितलं. वीणाला मंगळवारी फोटो द्यायचाय. अकरा आहेत, देईल. पण फिल्म धुवायची तर बाराही धुवावे लागतात. बाराव्यात ती ऐकल्यानंतरची आहे. मी काचेत बघत होते तरी तो चेहरा मला दिसलेला नाही, किंवा दिसला असेल. रात्री डोळे मिटले की तेवढी एक चौकट येते, पांढरी, आणि मी ती उजेडाला धरते.

आत्ता दुपारी कु. उठली. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाण्याचं. जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत गेली, ह्यांचं थर्मामीटर शोधून आणलं, पुसलं, पातेल्याशेजारी ठेवलं. आणि खोलीत जाऊन माळ घेऊन बसली. दाराकडे तोंड करून.

पाणी विसावर आलंय. मी लिहीत बसलेय.