आयोवाची आठशे माणसं

बुधवार, २ जानेवारी २००८

आठशे माणसं! तीस लाखांचं आयोवा राज्य, आणि फोन करून विचारलं फक्त आठशे जणांना. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यातून निवडत जातात, पहिला नंबर आयोवाचा. तिथे उद्या कौल, आणि तो तरुण सिनेटर पुढे राहणार हे पेपरवाल्यांनी आधीच छापून टाकलंय. आकडे बघता बघता माझा चहा गार झाला.

बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्सचे सर म्हणायचे — शितावरून भाताची परीक्षा खरी, पण पातेल्याच्या तळातलंही शीत घ्यावं.

हे म्हणाले, "अमेरिकेचं राहू दे. बशीरभाईंना काय कळवायचं?"

बशीरभाई इथे आखातात, रास लफानच्या गॅस प्लांटवर यांच्याच शिफ्टला. त्यांनी त्यांच्या मुलासाठी, शहजादसाठी, आमच्या अदीबाला मागणी घातली आहे. उत्तर अकरा तारखेला, शुक्रवारी द्यायचं.

मला आडपडदा जमत नाही. अदीबाला सरळ विचारलं, "शहजाद पसंत आहे की नाही?" मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "फाइन, अम्मी." यांना विचारलं. "तू म्हणशील तसं." झालं. दोन मिनिटांत निकाल.

शुक्रवार, ४ जानेवारी

सकाळी आयोवाचा निकाल. तोच पहिला! आठशे माणसांनी अख्ख्या राज्याच्या मनातलं सांगितलं. जुनी वही काढून सूत्र मांडलं — आठशे माणसांना विचारलं तर चूक फार तर साडेतीन टक्के इकडे-तिकडे. हात अजून चालतो.

हे म्हणाले, "इतकं कौतुक माझं कधी केलं नाहीस."

दुपारी बशीरभाईंकडे उम्म सलालला जेवण. शहजादची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी कशाला? आमच्याकडे कमी काय आहे?" शहजाद मान खाली घालून जेवत राहिला. अदीबाची लॅबमधली नोकरी दोन वर्षांची. ती खजुराच्या बिया बशीत ओळीनं मांडत होती.

घर चांगलं, माणसं दापोलीची, आपल्यातली. यांचा बशीरभाईंवर जीव. मी कशाला मोडता घालू?

सोमवार, ७ जानेवारी

उद्या न्यू हॅम्पशायर राज्याचा कौल. सगळे पोल एका सुरात — पुन्हा तोच, आठ-नऊ टक्क्यांनी. त्याच्याच पक्षातली प्रतिस्पर्धी, माजी अध्यक्षांची बायको, ती बाई संपली म्हणतात. मलाही तेच वाटतं. खलास.

बुधवार, ९ जानेवारी

ती बाई जिंकली!

सकाळी दोन तास टीव्हीसमोरून उठले नाही. सूत्र बरोबर, माणसं पुरेशी, मग चुकलं कुठे? चार पंडितांची पाच मतं. एक म्हणाला, कोण विचारतंय ते बघून लोक उत्तर देतात. मला पटलं नाही. विचारणारा कोणी का असेना, उत्तर ते उत्तर.

संध्याकाळी नयना शिकवणीला आली. सोमवारी तिला शिकवून "समजलं?" विचारलं होतं. "यस, मॅडम." आज पाचही गणितं चूक. मी वही तिच्यापुढे सरकवली.

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही विचारलंत ना, मॅडम."

"मग?"

"तुम्ही विचारलं की सगळे होच म्हणतात." आणि अगदी सहज, पेन्सिलीला टोक करत, "अदीबादीदी पण तेच सांगते."

तिला अर्धा तास आधी घरी पाठवलं.

छत्तीस वर्षांपूर्वी, माझ्या निकाहच्या दिवशी, वकील, म्हणजे नवरीची संमती विचारणारे, दोन साक्षीदार घेऊन आतल्या खोलीत आले. "कबूल आहे?" खालाचा, मावशीचा, हात माझ्या डोक्यावर. मान मी हलवली की त्या हातानं, आजही सांगता येत नाही. हे माणूस म्हणून सोन्यासारखे निघाले ते वेगळं. पण त्या दिवशी मोजलं ते मत कुणाचं?

उद्या चिठ्ठ्या. तीन — अदीबा, हे आणि मी. एकाच कागदाच्या, एकाच पेनानं, नाव नाही. शहजादला होकार असेल तर बरोबरची खूण, नको असेल तर फुली. अक्षर नकोच, अदीबा इंग्रजी लिहिते, हे उर्दू, लगेच ओळखू येईल. एकेकानं आत जाऊन चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची.

हे म्हणाले, "घरात इलेक्शन?"

अदीबाने मोबाईल खाली ठेवला. आणि माझ्याकडे बघितलं.

गुरुवार, १० जानेवारी

डबा तिघांसमोर उघडला. तीन चिठ्ठ्या, तीन फुल्या.

त्यातली एक माझी. डब्यावर चिठ्ठी ठेवून पेन टेकवेपर्यंत मलाही माहीत नव्हतं.