संघपालचे तीन फ्रीज

३ मार्च, सोमवार
संघपालनं तीन फ्रीज घेतले. एक घरी, एक सासूला, एक शेजाऱ्याला! आमचा धाकटा भाऊ शाळेत क्लार्क, पण थाट साखर कारखान्याच्या चेअरमनचा. उत्कर्षाचा कुंभारीहून फोन – रडत होती. म्हणे, ह्यांना आठवडाभर झोप नाही, तरी दमत नाहीत. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला कर्जाच्या पैशानं जोर आलाय.

६ मार्च, गुरुवार
आता विजापूर रोडला हॉटेल काढणार म्हणे. ह्याला चहा करता येत नाही.

१६ मार्च, रविवार
उत्कर्षानं त्याला मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे नेलं. बायपोलर निघालं. मन चढलं की पैसा उधळायचा, उतरलं की अंथरूण धरायचं. काय सोयीचा आजार! आमच्या बाबांनी मिलमध्ये जन्म काढला. त्यांना असला आजार परवडलाच नाही.

२० एप्रिल, रविवार
कुंभारीला जाऊन आले. साहेब भिंतीकडे तोंड करून पडलेले. बँकेचा फोन वाजला की उशीखाली ढकलतो. खात्यात पगार असून बिल भरलं नाही, लाईट तोडून गेले. मी विचारलं, उधळताना हात चालत होता, भरताना लुळा पडला काय?
उत्कर्षाच बोलली – "ताई, तापानं फणफणलेल्या माणसाला असं विचारता काय?"
मला शिकवते. चहा न घेता उठले.

८ जून, रविवार
गोळ्या लागू पडल्या म्हणे. कामावर जातोय. दुकानदारानं पैसे कापून दोन फ्रीज परत घेतले. शेजारी मात्र देईना – म्हणतो, प्रेमानं दिलेली वस्तू परत कशी मागता? प्रेम म्हणे! थंडगार पाणी पितोय फुकट.

१५ जून, रविवार
संघपाल आला. एकटाच, बसनं. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. एटीएम कार्ड माझ्या हातात ठेवलं.
"ताई, आज बरा हाय म्हणून देतोय. पुन्हा चढलो की मागायला येईन. लई गोड बोलीन, न्हाय तर शिव्या देईन. तवा देऊ नको."
मी म्हटलं, बायकोकडे का ठेवत नाहीस?
"ती देऊन टाकंल. तिला माझी दया येती. तुला येत न्हाय."