चार अंशांची पाचर

३ फेब्रुवारी
मला गॅरेजमध्ये घ्यायला बाबा तयार झाले! पण अट घातलीच.
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप खडकाळ वाटेवर खाली घासायची, म्हणून बाबांनी ती तीन इंच उचलून दिली. आता पन्नासच्या पुढे गेली की अख्खी थरथरते. "ही थरथर थांबव तुझ्या गणिताने. थांबली तर गॅरेजमध्ये ये. नाहीतर पंधरा तारखेला गपचूप कंपनीत रुजू व्हायचं."
कंपनीचं पत्र आईने काचेच्या कपाटात लावलंय. घरातली पहिली पदवी, पहिली नोकरी! पण चार वर्षं शिकले ती काय खुर्ची उबवायला?

४ फेब्रुवारी
बाबा म्हणतात, गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट सरळ हवा. मी म्हटलं, सरळ नको, त्याच्या दोन्ही टोकांकडची तोंडं समांतर हवीत. गिअरबॉक्सचं जितकं खाली कललेलं, तितकंच मागच्या एक्सलचं वर. मग पुढच्या सांध्याचा झटका मागचा सांधा खाऊन टाकतो. जीप उचलली की हा मेळ बिघडतो.
"बरं. तू वर थांब, आकडे लिही. कपडे खराब होतील." कोन मोजायची तबकडी घेऊन स्वतःच खाली सरकले.
"गिअरबॉक्स सहा!" मग तबकडी पुन्हा पुन्हा लावल्याचा आवाज. "एक्सल... दोन!"
सहातून दोन गेले, चार. एक्सल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये चार अंशांची पाचर. लेथवाल्याला सांगून आले.

६ फेब्रुवारी
पाचर बसवली. जीप जास्तच थरथरते! काका दारातूनच — "काय इंजिनियरबाई, ही तर नाचायला लागली!"
बाबा हसले नाहीत.

७ फेब्रुवारी
गणित पुन्हा पुन्हा तपासलं. बरोबर आहे. बरोबरच आहे!

८ फेब्रुवारी
बाबा सामान आणायला गेले, तशी मीच जीपखाली शिरले. गिअरबॉक्स सहा. एक्सल नऊ!
नवातून पाचरीचे चार काढले तर पाच. म्हणजे आधी पाच होतं, आणि बाबांनी दोन सांगितलं. तीस वर्षं हेच करणारा माणूस एवढा चुकेल?
मुद्दाम केलं. मी हरावं, कंपनीत जावं म्हणून.
जेवताना त्यांच्याकडे बघवेना.

१० फेब्रुवारी
चारची काढून एका अंशाची पाचर लावली. जीप ऐंशीलाही लोण्यासारखी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणी केलं हो?" बाबा म्हणाले, "लेकीने." किती मोठ्याने म्हणाले!
तरी त्या गेल्यावर विचारलंच — "मला खोटा आकडा का दिलात?"
फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

११ फेब्रुवारी
आईने सांगितलं. वर्ष झालं, बाबांना तबकडीवरच्यासारख्या बारीक रेघा दिसत नाहीत. चष्म्याने भागणारं नाही, वाढतच जाणार. "पोरीला कळलं तर नोकरी सोडेल, बोलू नकोस," असं बाबांनी तिला बजावलं होतं.
मला बाबांच्या हाताखाली शिकायचं होतं. त्यांची जागा नको होती.